या प्रतीपुरते

मराठी छापील पुस्तकांची सरकारी मोजदाद 1867च्या पंचविसाव्या कायद्याने नियमित सुरू झाली. छापखानदाराने प्रती सरकारजमा करायच्या आणि पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, पाने, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, टाइपाने छापले की शिळेवर, किंमत काय, हे सारे कळवायचे. त्यातून मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. रकान्यांमागून रकाने, आणि शेवटी शेरा. शेरा लिहिणाऱ्याला पुस्तकात काय सांगितले आहे एवढ्याशीच कर्तव्य होते. हातातल्या प्रतीकडे निरखून बघण्याचे त्याला कारण नव्हते. पुस्तक नवे कोरे होते, दुर्मिळ व्हायचे होते.

या कायद्याच्या आधीची पुस्तके, म्हणजे आपली दोलामुद्रिते, मात्र या रकान्यांत बसत नाहीत. जुन्या ग्रंथसंग्रहांत तालिकेच्या टिपांना, म्हणजे नोंदीखाली लिहिलेल्या माहितीच्या ओळींना, खरे काम पडले ते याच पुस्तकांमुळे.

आधी सूच्या आल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची तालिका ब्लुमहार्टने 1892 साली प्रसिद्ध केली. इकडे शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालये धुंडाळून 1800 ते 1937 या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ 1943 साली छापली आणि 1938 ते 1950चा दुसरा भाग 1961 साली आणला. एका माणसाच्या चिकाटीवर मराठीचा केवढा भार उभा आहे, हे ती सूची उघडली की कळते. पण सूची पुस्तकाची नोंद करते आणि ग्रंथालयाची तालिका प्रतीची. कपाटातल्या या एका प्रतीला शेवटची दोन पाने नाहीत, हे कोणतीही सूची सांगणार नाही. ते सांगायचे काम टिपेचे.

नियमांचे पाठबळ आपल्याला उशिरा आणि अर्धेच मिळाले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1934च्या तालिकासंहितेत टिपेला स्वतंत्र विभाग होता, पण नोंदीचे कार्ड पाच इंच रुंद आणि तीन इंच उंच. 1978च्या इंग्रजी-अमेरिकी तालिकानियमांत जुन्या छापील पुस्तकांसाठी वेगळी कलमे होती, ती 1821पूर्वीच्या पुस्तकांसाठी. युरोपच्या छपाईला ही रेघ शोभते. मराठीचे काय? गोव्यातली रोमन लिपीतली मिशनरी मुद्रिते सोडली, तर मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले 1805 साली. म्हणजे रेघेच्या अलीकडे आपल्या वाट्याला मूठभर पुस्तके आली, आणि मुंबई-पुण्याचे अवघे शिळाछाप साहित्य पलीकडे राहून साधे, आधुनिक पुस्तक ठरले. माझ्या मते आपल्याकडच्या टिपा लंगड्या राहिल्या त्याचे हे एक मोठे कारण आहे. नियमच सांगत होते की या पुस्तकाला खास काही लिहिण्याची गरज नाही.

गरज किती होती ते पोथी आकाराचे शिळाछाप हातात घेतल्यावर समजते. शीर्षकपृष्ठ पुष्कळदा नसतेच. छापखाना, गाव, शके, मिती हे सगळे शेवटच्या पानावर, आणि वाळवी-कसरीची पहिली धाड पहिल्या नि शेवटच्या पानांवरच. आकडा पानाच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे एकाने ‘120 पाने’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘240 पृष्ठे’, की एकाच छापाच्या दोन आवृत्त्या असल्याचा भास होतो. शकाचे साल काढताना नुसते 78 मिळवून भागत नाही. मिती पौषातल्या उत्तरार्धाची, माघाची किंवा फाल्गुनाची असेल तर इंग्रजी साल बहुधा पुढचे निघते. शकाचा शेवटचा आकडा फाटला असेल, तर संवत्सराचे नाव कामाला येते. ‘शके 176’ एवढेच उरले आहे आणि पुढे ‘शोभकृत् नाम संवत्सरे’ आहे, तर ते 1765च. तेच नाव साठ वर्षांनीच फिरून येते, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. पण हे साल कशावरून धरले ते टिपेत लिहिलेच पाहिजे. कंसातले नुसते ‘1843’ पुढच्या सूचीकाराला आंधळा विश्वास ठेवायला लावते.

प्रतीच्या अंगावरच्या खुणा आणखी वेगळ्या. सही-शिक्का नसलेली प्रत चोरीची समजावी, असे कितीतरी ग्रंथकर्ते छापत. तो शिक्का या प्रतीवर आहे का? पुन्हा बांधताना मूळ वेष्टन, आणि त्यावरची किंमत व जाहिरात, गेली का? आश्रयदात्यांची यादी शिल्लक आहे का? पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, तेव्हा पुण्यात नदीकाठी किती कागद भिजले! त्या पाण्याचा डाग असलेल्या प्रतीची टीप हा त्या पुस्तकाच्या इतिहासाचाच भाग आहे.

मग संगणक आले. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींच्या मार्क पद्धतीत सामान्य टिपेला 500 क्रमांकाचे क्षेत्र आहे आणि स्थानिक, त्या प्रतीपुरत्या टिपेला 590 वापरायची रीत. कार्डाची अडचण संपली, हवे तितके लिहा. 2007मध्ये अमेरिकेत आलेल्या दुर्मिळ पुस्तकांच्या नियमांनी सालाची अटही काढली. कोणत्याही काळातल्या पुस्तकाला ते लावता येतात. जे आपल्याला 1978मध्ये हवे होते ते आता हाताशी होते, आणि नेमक्या याच वेळी कित्येक ठिकाणी कार्डांवरून नोंदी उतरवताना नाव, कर्ता, साल आणि दाखलांक एवढेच उतरले. टंकलेखनाचे काम नोंदींच्या संख्येवर मोजले जात होते. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली ओळ उतरवायला वेळ लागतो, आणि तिचा दाम कोणी धरलेला नव्हता. याची मला आजही चीड येते, कारण ती ओळ लिहिणाऱ्याने पाहिलेले पान आता बहुधा तुकड्यांत आहे.

स्कॅन आले म्हणून टिपेची गरज सरली, असे अलीकडे ऐकू येते. स्कॅनमध्ये कागदाची जात कळत नाही, शिवण दिसत नाही, आणि हरवलेले पान हरवले आहे की स्कॅन करताना सुटले आहे, हेही ठरवता येत नाही. ज्या ग्रंथालयांत कार्डांचे खण अजून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी दोलामुद्रितांची कार्डे वेगळी काढावीत, दोन्ही बाजू वाचाव्यात आणि प्रत शेजारी ठेवून टिपा 500 आणि 590मध्ये भराव्यात. कोणी, कधी पाहिले, तेही लिहावे.