चहाची पत्ती खुडणाऱ्या बाया

आपल्या गटाची बैठक चहाशिवाय उठत नाही. पण ही पत्ती खुडतं कोण? आपल्यासारख्याच बाया. केरळात मुन्नारच्या मळ्यांत त्या दिवसभर उतारावर उभ्या राहून कोवळा शेंडा खुडतात, दोन पानं आणि एक कोंब. कारखान्यात तो चुरडून वाळवला की आपली काळी पत्ती होते.

२०१५ साली त्यांची मजुरी होती दिवसाला २३२ रुपये. त्यात बोनस २० टक्क्यांवरून १० वर आणला. हजारो बाया रस्त्यावर बसल्या. पुरुष पुढाऱ्यांना बाजूला ठेवून स्वतः बोलल्या. २० टक्के परत मिळवले. मजुरी मागितली ५००, पुढे मिळाली ३०१.

आज बैठकीत चहा घेताना आपणही हिशेब मांडूया: आपल्या गावात बाईची मजुरी किती, गड्याची किती?