वाद्यवृंदाची फिर्याद

२०२५ च्या १५ ऑगस्टला ‘शोले’ या चित्रपटास पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि त्या निमित्ताने माझ्या हाती आलेल्या पुरवण्यांनी गब्बरसिंगाचे संवाद, जयचे नाणे आणि रामगढचे खडक यांची उजळणी इतक्या तपशिलाने केली, की त्या चित्रपटात बोलण्याव्यतिरिक्त आणखी काही ऐकू येते याचाच वाचकास विसर पडावा. जयच्या ओठांशी दिसणारी हार्मोनिका प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवली होती, आणि बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तेव्हा पाहणाऱ्याच्या छातीत जी धडधड उठते ती बनारसच्या पंडित सामताप्रसादांच्या तबल्याने उठते, या दोन गोष्टींना त्या साऱ्या मजकुरात जागा मिळाली नाही, हे मला झोंबले. झोंबण्याचे कारण जुने आहे. याच चित्रपटाच्या संवादांची तबकडी पॉलिडॉर कंपनीने काढली, ती लग्नमंडपांतून आणि चहाच्या हॉटेलांतून वर्षानुवर्षे वाजली, आणि शब्दांवाचून निव्वळ वाद्यांनी सांगितलेली गोष्ट ऐकण्याचा संस्कार आमच्या कानांवर होण्याची जी संधी होती, ती त्या गदारोळात कायमची हुकली.

मुंबईच्या चित्रपटीय वाद्यवृंदाचा पूर्वेतिहास मी झरझर उरकणार आहे, कारण त्याचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईस आले. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकाने शंकर-जयकिशन यांच्या चालींमागे व्हायोलिनांच्या रांगा उभ्या केल्या. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी आपले राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांच्यात तहनामा घडवून आणावा म्हणून १९५८ साली स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात गुरूचे नाव गोवून ऋण फेडले, तर रसिकांनी ते नाव अंड्यातून बाहेर पडणाऱ्या विनोदी नायकाचे समजून घेतले आणि मूळ माणसाची चौकशीही केली नाही. या काळाला कोणी सुवर्णयुग म्हणतात. मी तेव्हा मराठवाड्यातील आमच्या जिंतुरात पाढे घोकत होतो. त्यामुळे त्या सुवर्णाचा कस मी लावू शकत नाही.

मी जाणतेपणी जगलो ते दशक १९८० ते १९९० हे होय. जिंतूरला आगगाडी तेव्हा नव्हती, आजही नाही. आणि निजामी राज्याची तबदिली होऊन छत्तीस वर्षे लोटली तरी आमच्या तालुक्यातील पुष्कळ घराण्यांच्या सोयरिकी, औषधपाणी आणि चैनीची खरेदी यांचा ओढा हैदराबादेकडेच होता. त्या हैदराबादेहून एका मावसभावाने ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ या १९८४ च्या अमेरिकन साहसपटाच्या संगीताची ध्वनिफीत आणली. चित्रपट आम्ही पाहिलेला नव्हता आणि तो नजीकच्या काळात पाहावयास मिळण्याचा संभवही नव्हता. सबब येलदरी धरणाच्या वीजपुरवठ्याचा भरवसा जितका धरता येईल तितका धरून आम्ही ते संगीत पुनःपुन्हा ऐकत राहिलो, आणि पडद्याच्या मध्यस्थीवाचून त्याचा निवाडा करण्याची वेळ आमच्या कानांवर आली.

तो निवाडा मी आजही बदलणार नाही. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी या मालिकेतील १९८१ च्या पहिल्या चित्रपटासाठी नायकाचे जे पितळी वाद्यांचे कूचगीत रचले होते आणि लंडन सिंफनी वाद्यवृंदाने जे वाजवले होते, ते एव्हाना जगभर लोकांच्या ओठी बसले होते. दुसऱ्या भागात तेच आळवून वेळ मारून नेणे त्यांना सहज शक्य होते. परंतु या गृहस्थाने हातातील हुकमी पत्ता शक्य तितका राखून ठेवला, आणि नायकासोबत हिंडणाऱ्या पोरासाठी एक खेळकर, पाच सुरांच्या चिनी वळणाची धून, नायक-नायिकेच्या रुसव्याफुगव्यांसाठी जुन्या हॉलिवुडी थाटाची तंतुवाद्यांची लहर, आणि खाणीत वेठीस धरलेल्या मुलांसाठी एक जडशीळ संचलन, अशी सर्वस्वी नवी सामग्री निर्माण केली. त्या संचलनात खालच्या सप्तकातील एकच आकृती अविरत घुमत राहते, तिच्यावर घणाच्या ठोक्यांसारखे आघात पडतात, आणि जी लय प्रथम गुलामांच्या पायांतील बेडीची वाटते तीच, पितळी वाद्यांनी ताबा घेतल्यावर, बेडी तोडून निघालेल्यांच्या पावलांची होते. लय बदलली नाही, सुरावट फारशी बदलली नाही. केवळ वाद्यांचा वर्ण बदलला आणि अर्थ उलटला. हे सामर्थ्य वाद्ययोजनेचे. खाणीतील गाड्यांच्या पाठलागात तर तंतुवाद्ये आणि बासऱ्या एकमेकींच्या मागे अशा धावतात, की प्रत्येक वादकाच्या बोटांची दमछाक ऐकू यावी. आणि त्या गर्दीत नायकाच्या धुनेचा एखादाच तुकडा वर येऊन पुन्हा बुडतो, म्हणून अखेरीस ती धून अखंड वाजते तेव्हा ती ऐकण्याचा हक्क आपण कमावला आहे असे वाटते.

पुढे गावातील व्हिडिओ पार्लरमध्ये चित्रपट पाहिला, आणि डोळ्यांचा संताप झाला. भारताच्या भूमीवर घडणारी ही कथा. पण संहितेवरून भारत सरकारने चित्रीकरणास अनुमती नाकारल्यामुळे ती श्रीलंकेत कँडीच्या परिसरात उभी केलेली. राजवाड्यातील मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो, आणि अमरीश पुरींसारखा रंगभूमीवर घडलेला नट ठगांचा म्होरक्या बनून, मुंडन करून माणसाचे हृदय हाताने उपटून काढतो. निजामाच्या चाकरीत असलेल्या आणि पुढे आमच्याच मराठवाड्यातील नळदुर्गास जिल्ह्याचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलर या इंग्रजाने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली, तीतला ठग निदान शकुन पाहणारा, बायकामुलांत रमणारा, ओळखता येण्याजोगा माणूस होता. दीडशे वर्षांनी हॉलिवूडने त्याचा बाहुला केला. या रागात मी कोणाच्याही मागे नव्हतो. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विद्वान अध्यापकाने, चित्रपट बदनामीकारक असल्याने त्याचे संगीतही ऐकण्यालायक नाही आणि पाश्चात्य वाद्यमेळ हा मुळातच गोंगाट होय, असा जो निकाल भर सभेत फर्मानासारखा सुनावला, त्याविरुद्ध अपील करण्याची मुभा मला तेव्हा मिळाली नाही, म्हणून ते येथे दाखल करतो. पटकथालेखकाच्या अज्ञानाची शिक्षा व्हायोलिनवाल्यास देणे हा न्याय नव्हे. शिवाय जे गृहस्थ ध्वनिफीत न ऐकता वाद्यमेळास गोंगाट म्हणत होते, त्यांच्या घरी त्याच वर्षी डिस्कोच्या फिती अहोरात्र वाजत असत.

कारण त्याच दशकात आमच्याकडे दुसरेच काही घडत होते. कर्सी लॉर्ड यांनी सत्तरीच्या दशकातच मुंबईत सिंथेसायझर आणला होता, पण तो एका कसलेल्या वादकाच्या हाती रंगपेटीतील आणखी एक रंग म्हणून. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’नंतर तोच रंग सगळ्या भिंतीला फासण्याची टूम निघाली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्यांनी तंतुवाद्यांचा ताफा निष्ठेने सांभाळला, हे मान्य केले पाहिजे. तथापि निर्मात्यांच्या हिशेबी दृष्टीला पन्नास माणसांच्या मेहनतान्यापेक्षा एक कळपट्टी स्वस्त दिसू लागली, आणि एकेक खुर्ची रिकामी होत गेली. अमेरिकेतही वारे याच दिशेचे होते: १९८१ च्या चित्रपटांसाठीचे ऑस्कर विल्यम्स यांच्या वाद्यवृंदाला डावलून वँगेलिस यांच्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’च्या विद्युत्संगीताला मिळाले. पण तेथे पारितोषिक हुकले तरी वाद्यवृंद मोडला नाही, कारण पार्श्वसंगीताच्या तबकड्या विकत घेणारा आणि वादकांची बाजू मांडणारा श्रोता शिल्लक होता. येथे तो घडलाच नव्हता. गाण्याचा गायक गेला तर आम्ही सुतक पाळतो. शंभर व्हायोलिने मुकी झाली, तेव्हा आमच्या गावात कोणाच्या कानाला चुकचुकल्यासारखेही झाले नाही.

नव्वदीनंतरच्या वर्षांविषयी मला विशेष सांगावयाचे नाही. ती एकाच यंत्रावर वाजली. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, पण त्याच्या रांगांत परदेशी वादकांचा भरणा राहिला. २००८ साली मुंबईच्या या वादकांच्या आठवणी गोळा करून त्यांचा सविस्तर इतिहास ग्रेगरी बूथ या परदेशी संशोधकाने इंग्रजीत लिहिला. २०१२ साली अँथनी गोन्साल्विस वारले. आणि २०१६ साली अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला, तेव्हा मराठी चित्रपट साता समुद्रापार पोहोचला म्हणून आम्ही आनंदाने टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या; त्या संगीताचा भरदारपणा टाळीस पात्रच होता. परंतु जे लेणे एकेकाळी ताडदेव-वांद्र्याच्या ध्वनिमुद्रणगृहांत घडत असे, त्यासाठी आता परमुलखात जावे लागते, यात अभिमानाइतकाच नामुष्कीचाही अंश आहे, हे कोणी बोलले नाही.

सध्या तर प्रत्येक यशस्वी साहसपटाचा दुसरा भाग निघतो, आणि त्यात पहिल्याच भागाची धून दुप्पट आवाजात, संगणकातील आयत्या वाद्यांच्या नमुन्यांवर, आरंभापासून अखेरपर्यंत बदडली जाते. मौन कोठे ठेवावे, हुकमी पत्ता कोठवर राखावा, याचा विवेक १९८४ च्या त्या संगीतकाराने दाखवला होता, तो आज आढळत नाही. आमच्या तालुक्यात नेमगिरीची लेणी आहेत, चारठाण्याची प्राचीन देवळे आहेत. तेथे मूर्ती कोणत्या देवाची हे सारे विचारतात, छिन्नी कोणाची हे विचारणारा मला अद्याप भेटलेला नाही. तेव्हा हा दोष एकट्या निर्मात्यांचा नाही, हे उघड आहे.

माझी मागणी मोठी नाही. ज्याने जे वाद्य वाजवले त्याचे नाव त्या वाद्यासह पडद्यावर यावे, आणि आकाशवाणीच्या परभणी केंद्राने आठवड्यातून अर्धा तास शब्दरहित चित्रपटसंगीताला द्यावा. तोपर्यंत, शेवटचे दृश्य संपताच दिवे लावून प्रेक्षकांना हाकलणाऱ्या चित्रपटगृहांत, नामावलीची अखेरची ओळ सरकून जाईपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही. दाराशी उभ्या असलेल्या पोऱ्याने झाडू आपटून कितीही घाई केली तरी.