भिंतीकडेची रुई राहू द्या

पाऊस सरला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की निसर्ग पाहायला रानातच जावे लागते असे नाही. धाराशिव शहरातल्या मोहल्ल्यातही तो भेटतो. मैदानावर, नळाच्या ओलीजवळ सतत शेपटी हलवणारा काळा-पांढरा पक्षी दिसेल. तो धोबी, हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा. शहराबाहेर शिवारावर थव्याने फिरणाऱ्या गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे माहेर तर थेट मध्य आशियात. पुढे ज्वारीची कणसे भरली की शेतकरी त्यांना हाकलतो. पण नाकतोडेही त्याच फस्त करतात.

मात्र मुलांसाठी खरा धडा भिंतीकडेच्या रुईवर आहे. काळ्या किनारीचे नारिंगी फुलपाखरू तिच्या पानावर अंडी घालते. पट्टेदार अळी तीच पाने खाते. रुईचे विष तिच्या अंगात मुरते, म्हणून पक्षी तिला सहसा टाळतात. साफसफाईच्या नावाखाली रुई उपटली की हा पाळणाच मोडतो.

तेव्हा कोपऱ्यातली एक रुई राहू द्या. मुलांना रोज अळी दाखवा आणि तारखेसह वहीत नोंद करायला सांगा. उर्दूत लिहोत की मराठीत. रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही, एवढी काळजी घ्या.