निवृत्तिवेतन, वारस आणि आयकर

लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेला कुटुंबप्रमुख ख्रिस्तवासी झाला की त्याचा भविष्यनिर्वाह निधी वारसांच्या हाती येतो. मान्यताप्राप्त निधीच्या या रकमेवर सहसा आयकर लागत नाही. ती बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज मात्र करपात्र असते.

गोंधळ होतो तो निवृत्तिवेतनाबाबत. मृत्यूच्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन हे मृताचे उत्पन्न. ते करपात्र असल्यास वारसाने नोंदणी करून मृताच्याच पॅन क्रमांकावर विवरणपत्र भरावे. म्हणून ते पॅन कार्ड रद्द करण्याची घाई नको. हा कर वारसाहक्काने मिळालेल्या संपत्तीच्या मर्यादेतच द्यावा लागतो. पदरचे पैसे जातील ही भीती विधवा भगिनींनी बाळगू नये.

मृत्यूनंतर सुरू होणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे पत्नीचे स्वतःचे उत्पन्न होय. त्यातून एक तृतीयांश अथवा १५,००० रुपये (नव्या करप्रणालीत २५,०००), यांपैकी जी रक्कम कमी ती वजा होते.