माडाचं पान उलटून पाहताना

निसर्ग चक्रीवादळात, 3 जून 2020 रोजी, दापोलीजवळच्या हर्णे, मुरुड, आंजर्ले पट्ट्यातले कितीतरी माड आडवे झाले. अशा वाडीत नवी रोपं बाहेरून आणावीच लागतात, आणि रोपाच्या पानामागे काय चिकटून आलंय हे सहसा कुणी बघत नाही.

रुगोज चक्राकार पांढरी माशी अशीच पसरते. मूळची मध्य अमेरिकेतली ही कीड भारतात 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली. पुढे केरळ, कर्नाटक, गोवा करत ती कोकणातल्या माडांवरही आली.

तिचा माग काढायला माडावर चढावं लागत नाही. आधी माडाखालची केळ बघा. पानावर काजळी धरल्यासारखा काळा थर दिसला, तर वर माशी असण्याची शक्यता धरावी. माशी पानातला रस शोषते, चिकट गोड द्रव खाली टाकते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. मग माडाची खालची झावळी ओढून पाती उलटी करा. मेणचट पांढऱ्या भुकटीत गोल गोल वळणांनी घातलेली अंडी हीच खूण. माशी जेमतेम अडीच मिलिमीटरची, पण नेहमीच्या पांढऱ्या माशीच्या जवळपास तिप्पट.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि लगेच पंप उचलतात. घाई इथेच नडते. भिंग घेऊन पानाला चिकटलेली पिल्लं पाहा. काही काळी पडलेली असतील, तर ‘एन्कार्शिया’ नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीने त्यांच्यात अंडी घातली आहेत. रिकाम्या कवचाला गोल भोक असेल तर हा मित्रकीटक बाहेर पडला. टी-आकाराची चीर असेल तर माशीच. ही नोंद दर काही आठवड्यांनी, त्याच माडांवर ठेवावी. काळी पिल्लं वाढत असतील तर रासायनिक फवारणी म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणं. फारच झालं तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण.

वाडीतल्या प्रत्येक माडावर चढणाऱ्या पाडेल्याला ही खूण दाखवून ठेवा; त्याच्याइतकं जवळून कुणी बघत नाही. शंका आली तर पान बंद पिशवीत घालून दापोलीच्या कृषी विद्यापीठात दाखवा. आणि रोप विकत घेताना पैसे देण्याआधी पान उलटं करा.