पडद्यावरील नाव

कंत्राटदाराकडे राबणारा एक कामगार आमच्याकडे प्रथम आला, तेव्हा त्याची तक्रार पगाराची असेल असे आम्हांस वाटले होते. ती तशी नव्हती. सात वर्षे यंत्र चालविले, पण मस्टरवर नाव नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. चित्रपटलेखकाचे मस्टर म्हणजे पडद्यावरील श्रेयनामावली. तेथून नाव गेले की पुढचे काम जाते आणि कामाचा भावही जातो. कार्ल फोरमन या अमेरिकन लेखकाची हकीकत आम्ही याच अंगाने वाचतो.

फोरमन 1914 साली शिकागोत जन्मले. निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्याबरोबर त्यांनी ‘चँपियन’, ‘होम ऑफ द ब्रेव्ह’, ‘द मेन’ अशा पटकथा भराभर लिहिल्या. 1951 साली ‘हाय नून’चे काम चालू असतानाच अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीचे बोलावणे आले. फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते. आपण आज सभासद नाही एवढे त्यांनी सांगितले. जुन्या सोबत्यांची नावे मात्र सांगितली नाहीत. क्रेमर यांनी संबंध तोडले. ‘हाय नून’चे लेखक म्हणून नाव राहिले, सहनिर्माता म्हणून असलेले गेले.

तो चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी आठवून पाहावे. दुपारच्या गाडीने गुंड येणार. गावचा मार्शल दारोदार मदत मागतो. चर्चमध्ये त्याच्यावरून चर्चा झडते, आणि प्रत्येकाजवळ न येण्याचे एकेक चांगले कारण असते! संप फुटण्याच्या आदल्या रात्री अशी कारणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत.

फोरमन 1952 साली इंग्लंडला गेले. आम्हांस सल आहे ती निराळ्याच गोष्टीची. समितीपुढे ज्याने स्वतःला निर्दोष ठरवून घेतले नाही, त्याचे नाव पडद्यावरून वगळण्याची मुभा याच सुमारास निर्मात्यांना मिळाली, आणि ती दिली खुद्द लेखकांच्या गिल्डने! मालकाने नाव खोडले तर भांडता येते. संघटनेनेच खोडरबर हाती दिल्यावर दाद कोणाकडे मागावी?

याचा परिणाम ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या 1957 सालच्या चित्रपटात दिसला. पटकथेवर प्रथम फोरमन यांनी काम केले, नंतर मायकेल विल्सन यांनी. दोघेही काळ्या यादीतले. पडद्यावर नाव आले ते मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांचे, आणि पटकथेचे ऑस्करही त्यांनाच मिळाले. बूल इंग्रजीत लिहीत नसत!

मग फोरमन यांनी निर्मातेपणाची वाट धरली. निर्माता झाले की कथेचे हक्क, दिग्दर्शकाची निवड आणि नावांचा मजकूर आपल्या हाती येतो. ‘द की’ (1958) आणि ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (1961) त्यांनी स्वतः लिहिले व निर्मिले. दुसरा तुफान चालला. आम्हांस मात्र त्यातल्या तोफांपेक्षा ‘हाय नून’मधले घड्याळ अधिक बोलके वाटते. ‘द व्हिक्टर्स’ (1963) दिग्दर्शितही केला, पण तो फारसा चालला नाही. पुढे ‘यंग विन्स्टन’ (1972) आला. ब्रिटनमधील लेखकांच्या गिल्डचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

विल्सन 1978 साली वारले, फोरमन 1984 साली. ‘क्वाय’चे ऑस्कर त्या दोघांचे, असे अकादमीने 1984 साली ठरविले. पदके त्यांच्या विधवा पत्नींच्या हाती पडली. चित्रपटाच्या नव्याने सिद्ध केलेल्या प्रतीत बूल यांच्याबरोबर ती दोन नावेही आता वाचावयास मिळतात.