परदेशच्या नोकरीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आमच्या युनियनच्या कचेरीत आला. वय सव्वीस, कामाने वेल्डर. एका कारखान्यात कंत्राटी नोकरी, घरी आई, पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. त्याच्या हातात दुबईच्या नोकरीचा कागद होता आणि त्याने एकच प्रश्न विचारला : “जाऊ की नको? परवापर्यंत सांगायचं आहे.” आजच्या विषयाचे निमित्त हा तरुण आहे. त्याला दोन दिवसांत जे सांगता आले नाही, ते आज श्रोत्यांपुढे सावकाश मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, त्यात त्यांची नोकरी गेली आणि आमची शाळाही गेली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. त्यामुळे या विषयावर आम्ही अर्थशास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलत नाही. ज्यांनी हा प्रश्न सोडवताना चुका केल्या आणि ज्यांनी तो नीट सोडवला, अशा दोन्ही प्रकारची माणसे जवळून पाहिली, एवढाच आमचा अधिकार.

पोटासाठी गाव सोडणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत हिंदी मजूर कराराने जाऊ लागले, त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात. करार शब्दाला ‘गिरमिट’ असे रूप आले ते याच मजुरांच्या तोंडून. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायचा आणि पाच वर्षे बांधून घ्यायचे, अशी ती पद्धत होती. तिची भरती १९१७ साली थांबली. पुढे कोकणाने मुंबईला माणसे दिली आणि मुंबईने कोकणाला मनिऑर्डरी दिल्या.

आखाताशीही आपला संबंध जुना आहे. तेथील कित्येक राज्यांत एके काळी आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी निराळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या मागे पडल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, वाळवंटात शहरे उभी राहू लागली आणि गवंडी, सुतार, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर यांना तिकडून मागणी आली. कोकणातील, विशेषतः मुसलमान वस्त्यांतील, कित्येक घरांवरचा स्लॅब याच मागणीतून पडलेला आहे. तेव्हा परदेशी जाणे वाईट, असे सरसकट म्हणणारा माणूस त्या घरांपुढे उभा राहिलेला नाही, असेच म्हटले पाहिजे.

मात्र मुंबईला जाणे आणि आखातात जाणे यांत एक मूलभूत फरक आहे. गिरणीचा मालक आवडला नाही तर कामगार दुसऱ्या गिरणीच्या दारात उभा राहू शकत होता, संप करू शकत होता, आणि काहीच जमले नाही तर रातराणी पकडून गावी जाऊ शकत होता. आखातात कामगाराचा राहण्याचा परवानाच मालकाशी बांधलेला असतो. या व्यवस्थेला तेथे ‘कफाला’ म्हणतात. मालक हा कामगाराचा जणू जामीन. त्याने हात काढला की त्या देशात राहण्याचा आधारच डळमळतो. अलीकडे यात सुधारणा झाल्या आहेत. कतारने २०२० साली मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली व किमान वेतन ठरवले. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याने कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेणे, दोन्ही मना केले. पण कामगार संघटना अमिरातीत आणि सौदी अरबस्तानात नाही. कायदा आहे, पण तो राबवायला लावणारे संघटित बळ नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या माणसाला फार मोठी वाटते. रविवारची सुट्टीसुद्धा १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणीकामगार एकत्र करूनच मिळवावी लागली.

आता हिशेबाकडे वळू. त्या तरुणाला आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसवले. आकडे सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. तिकडे पगार दीड हजार दिरहम. दिरहमला चोवीस रुपये धरले तर छत्तीस हजार. इथे त्याच्या हातात येतात अठरा हजार. “दुप्पट!” तो म्हणाला. बहुतेकांचा निर्णय या एका शब्दावर होतो, आणि चूक तेथेच होते.

पगारपत्रात मूळ वेतन नऊशे आणि भत्ते सहाशे, अशी विभागणी होती. ओव्हरटाइम आणि नोकरी सुटतानाची ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, एकूण पगारावर नव्हे, म्हणून ही विभागणी आधी पाहावी. राहण्याची जागा कंपनीची. जेवण, फोन व किरकोळ खर्च पाचशे दिरहम. उरले हजार, म्हणजे चोवीस हजार रुपये. घरखर्चाला बारा हजार पाठवायचे. राहिले बारा हजार.

एजंटाने मागितले होते एक लाख वीस हजार. ही रक्कम तो गावातल्या सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी घेणार होता. पहिल्या महिन्याचे व्याजच छत्तीसशे. दरमहा उरलेले सगळे बारा हजार भरले तरी हे कर्ज फिटायला पूर्ण एक वर्ष लागते. करार दोन वर्षांचा. म्हणजे पहिले वर्ष एजंटाचे आणि सावकाराचे. दुसऱ्या वर्षाची शिल्लक एक लाख चव्वेचाळीस हजार. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिली पाच वर्षे दर वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. दोन वर्षांची झाली सुमारे तीस हजार रुपये. एकूण एक लाख चौऱ्याहत्तर हजार.

आता इकडची बाजू. अठरा हजारांतून घरखर्च बारा आणि स्वतःचा तीन हजार गेला तर तीन हजार उरतात. दोन वर्षांचे बाहत्तर हजार. प्रॉव्हिडंट फंडाचा आधार पगार पंधरा हजार धरला तर त्याचे बारा आणि मालकाचे बारा टक्के मिळून महिना छत्तीसशे होतात. त्यांतला काही भाग पेन्शनकडे जातो, पण तोही त्याचाच. दोन वर्षांचे शहाऐंशी हजार. एकूण एक लाख अठ्ठावन्न हजार. फरक निघाला तो दोन वर्षांत सुमारे सोळा हजार रुपयांचा! मुलीचे तिसरे आणि चौथे वर्ष न पाहण्याची ही किंमत.

पण हिशेब येथे संपत नाही, आणि आम्ही परदेशाच्या विरुद्ध आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. म्हणजे पस्तीस हजार चारशे. तेवढेच कर्ज त्याच सावकाराकडून काढले तर ते तीन महिन्यांत फिटते. मग एकवीस महिन्यांची शिल्लक दोन लाख बावन्न हजार होते, आणि ग्रॅच्युइटी धरून इकडच्यापेक्षा सुमारे एक लाख चोवीस हजारांनी पारडे जड होते. माणूस तोच, काम तेच, पगार तोच. फक्त मधल्या माणसाने किती घेतले, यावर सोळा हजार की सव्वा लाख हे ठरले. म्हणून आमचे पहिले सूत्र असे की, पगार किती हे विचारण्याआधी तेथे पोचायला किती पडणार, हे विचारावे.

दुसरी गोष्ट कागदांची. ज्यांची दहावी झालेली नाही त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परवानगी आवश्यक, अशी नोंद असते. त्यांना आखातासारख्या ठरलेल्या देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी संरक्षण अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईत त्याची कचेरी आहे. ही मंजुरी म्हणजे कटकट, असे एजंट सांगतो आणि ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ’ असा सोपा रस्ता दाखवतो. तो रस्ता धरू नये. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तेथे काम करण्याचा हक्क नसतो, आणि ज्याला हक्क नाही त्याला तक्रार करायला तोंड नसते. मंजुरीच्या मार्गाने गेले तर मालकाचा करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी अवघा पावणेतीनशे रुपये ठेवलेला आहे. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट या यादीत कोणालाही पाहता येते. करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा, त्याची प्रत घरी ठेवावी, आणि विमानातून उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला तर आधी घरच्या प्रतीशी ताडून पाहावा. तिकडे गेल्यावर करार बदलणे ही जुनी युक्ती आहे. गिरमिटियांचे नातवंड शोभेल असा अंगठा आपण पुन्हा उठवू नये.

तिसरी गोष्ट शरीराची. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्या उन्हात काम घेण्यास बंदी आहे. बंदी घालावी लागते यावरूनच त्या उन्हाची कल्पना यावी. शिवाय कामाच्या जागेइतकीच झोपण्याची जागा महत्त्वाची. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि कित्येक भारतीय मरण पावले. ते कामावर नव्हते, खोल्यांत झोपलेले होते. म्हणून ‘राहण्याची सोय कंपनीची’ या तीन शब्दांवर समाधान मानू नये. खोलीत किती जण, बाहेर पडण्याचे जिने किती, हे तेथे असलेल्या गावच्या माणसाला फोन करून विचारावे. असा माणूस शोधणे हे एजंटाच्या दहा आश्वासनांपेक्षा मोलाचे आहे.

चौथी गोष्ट वहीत मांडता येत नाही. ती सांगताना आम्हाला घरच्या गोष्टीकडे वळावे लागते. १९९३ साली आम्ही स्वतः निघालो होतो. आईच्या बांगड्या मोडून अठरा हजार एका एजंटाला दिले. ठरल्या दिवशी त्याच्या गाळ्याला कुलूप होते. त्या पायऱ्यांवर आमच्यासारखी तीस-चाळीस माणसे बसली होती. त्यांची नावे एका वहीत लिहून घेतली आणि पोलीस चौकीत गेलो. पैसे परत आले नाहीत, पण युनियनच्या कामाला आमची सुरुवात त्या वहीपासून झाली. धाकटा भाऊ मात्र १९९८ साली नीट कागद करून गेला आणि एकोणीस वर्षे राहिला. त्याने घर बांधले, बहिणीचे लग्न केले, आईच्या बांगड्याही परत केल्या. आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. त्याला आम्ही कधी विचारले नाही की सौदा फायद्याचा झाला का. एकदा तोच म्हणाला, “दोन वर्षांसाठी गेलो होतो. परत कधी यायचं ते ठरवलं नव्हतं, तेवढी चूक झाली.”

हे वाक्य आम्ही प्रत्येक जाणाऱ्याला सांगतो. आखात हे स्थायिक होण्याचे ठिकाण नाही; तेथे सामान्य कामगाराला नागरिकत्व नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. तेव्हा जाण्याच्या तारखेबरोबर परतीची तारीख आणि परतण्याचे कारण घरात सर्वांसमोर ठरले पाहिजे. कर्ज फेडायचे आहे, की जमीन सोडवायची आहे, की स्वतःचे वर्कशॉप काढायचे आहे? ‘बघू, पैसे साठवू’ हे कारण नव्हे. आणि या ठरावात पत्नीचे मत शेवटी नव्हे, आधी घ्यावे. कारण जाणाऱ्याला एक नोकरी करायची असते, राहणारीला दोन माणसांचे काम करायचे असते.

तो तरुण एजंटाकडे परत गेला. पावती आणि कराराची प्रत मागितली. एजंट म्हणाला, “विश्वास नसेल तर मागे शंभर उभे आहेत.” तरुण गेला नाही. त्याच्या जागी शेजारचा मुलगा तेवढेच पैसे भरून गेला आणि, खरे सांगायचे तर, त्याचे सध्या बरे चालले आहे. तरुण भेटला की हे आम्हाला ऐकवतो. त्याला आम्ही एवढेच सांगतो की, डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे सुखरूप पोचला म्हणून डोळे मिटणे शहाणपणाचे ठरत नाही. पण त्याचा राग आम्हाला कळतो. त्याची कंत्राटी नोकरी अजून कंत्राटीच आहे. जो जाऊ नको म्हणतो त्याच्यावर इथली नोकरी राहण्याजोगी करण्याची जबाबदारी येते, आणि ती आम्ही अजून पुरी केलेली नाही.

सध्या तो नोंदणीकृत एजंटांची यादी घेऊन पुन्हा प्रयत्न करतो आहे. त्याने वही घातली आहे. पहिल्या पानावर पत्नीच्या अक्षरात परतीचे वर्ष लिहिलेले आम्ही पाहिले. आता तो गेला तर त्याला निरोप द्यायला आम्ही आनंदाने जाऊ.